खांद्यातली तार आणि निवड चाचणीची तारीख

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २७ वर्षांची, व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशर. उजवा खांदा १४ महिन्यांपासून दुखतो. स्मॅश आणि सर्व्हिस मारताना खांद्याच्या मागच्या बाजूला कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये रोटेटर कफच्या (खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या) एका टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, अर्धवट फाट आणि लॅब्रमला (खांद्याच्या खोबणीच्या कडेच्या मऊ वर्तुळाला) झीज दिसली आहे. फिजिओथेरपी ‘सगळी करून झाली’. स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घेतलं, त्याने सहा आठवडे बरं वाटलं, मग दुखणं परत आलं. एका सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय. एका पेन स्पेशालिस्टनी नसेजवळ बारीक तार बसवून ६० दिवस विजेची स्पंदनं देण्याचा उपाय सांगितलाय. प्रशिक्षक म्हणतात, ऑपरेशन केलं तर हंगाम गेला. तार बसव आणि खेळत राहा. घरचे म्हणतात, करंट घेऊन दुखणं दाबशील आणि आतून खांदा निकामी करून बसशील. चार महिन्यांनी निवड चाचणी आहे. तार बसवावी का? आणि बसवली तर डोपिंगच्या नियमांत अडकायला होईल का?

उत्तर :

तार बसवायला माझी हरकत नाही. ती आत्ता लगेच, निवड चाचणीची तारीख समोर ठेवून बसवायला मात्र आहे. तुमच्या पत्रात तुमचं, प्रशिक्षकांचं आणि घरच्यांचं अशी तीन मतं आहेत, आणि पंचाईत अशी की तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. डोपिंगचं शेवटी बघू.

घरच्यांपासून सुरुवात करते. ‘करंट’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फिजिओच्या खोलीतलं मशीन येतं. त्वचेवर दोन-चार पॅड चिकटवायचे, मुंग्या येईपर्यंत बटण फिरवायचं आणि वीस मिनिटं पडून राहायचं. ते टेन्स. त्यात सेकंदाला साधारण ८० ते १०० सौम्य स्पंदनं त्वचेतून जातात, स्पर्शाची जाणीव नेणारे जाड तंतू जागे होतात आणि वेदना नेणाऱ्या बारीक तंतूंचा निरोप मज्जारज्जूपाशीच बराचसा अडतो. कोपर आपटलं की आपण न ठरवताही ते चोळू लागतो, त्यातही हेच घडतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना ‘गेट कंट्रोल’ या नावाने मांडली. दोनच वर्षांनी वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी डोळ्याखालच्या नसेला विजेची स्पंदनं देऊन पाहिली, तीही स्वतःच्या. (त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या शतकात, स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर जिवंत विद्युत-मासा लावायला सांगायचा. माशाला कमी-जास्त करायचं बटण नव्हतं, एवढाच फरक.) टेन्सचा परिणाम मशीन चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ टिकतो. व्यायामाआधी किंवा झोपण्याआधी तेवढा आराम मिळाला तरी तो वाया जात नाही. पण टेन्सने फरक पडला नाही म्हणून तारेनेही पडणार नाही, किंवा टेन्सने पडला म्हणून तारेनेही नक्की पडेल, असं दोन्ही बाजूंनी म्हणता येत नाही.

तुम्हाला सुचवलेली गोष्ट वेगळी आहे. त्यात त्वचा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, सुईतून केसासारखी बारीक, गुंडाळलेली तार नसेच्या जवळ सोडतात. नसेत नव्हे, जवळ. तारेचं दुसरं टोक त्वचेतून बाहेर येतं आणि अंगावर चिकटवलेल्या छोट्या यंत्राला जोडलं जातं. जास्तीत जास्त ६० दिवसांनी तार ओढून काढतात. टाके नाहीत, आत काही ठेवायचं नाही. कायमचं रोपण करायची यंत्रंही असतात, पण तुमच्या टप्प्यावर त्यांचा विचारही करू नका.

खांद्याच्या बाबतीत दोन नसा महत्त्वाच्या. सुप्रास्कॅप्युलर नस मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मुळांतून निघते, फऱ्याच्या हाडाच्या वरच्या कडेला असलेल्या खाचेतून जाते आणि सांध्याच्या जाणिवेचा मोठा वाटा, बहुतेक ठिकाणी दिलेल्या आकड्यानुसार सुमारे ७० टक्के, तिच्याकडे असतो. दुसरी ॲक्सिलरी, ती खांद्याच्या गोलाईवरच्या डेल्टॉइड स्नायूला चालवते. स्पंदनं देण्याच्या पद्धतीही दोन आहेत. सेकंदाला १०० च्या आसपास दिली तर खांद्यात सुखद मुंग्या येतात. १२ च्या आसपास दिली तर स्नायू हलका आवळतो-सुटतो, आणि या हालचालीची खबर सतत मेंदूकडे जात राहते. तुम्हाला यातलं काय देणार आहेत, कोणत्या नसेवर, हे विचारून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

यात कुठेही खांदा बधिर होत नाही. दाताच्या डॉक्टरकडे गाल सुन्न होतो तसं काही होत नसल्याने, काहीतरी नवं फाटलं तर तुम्हाला कळणारच नाही अशी भीती नको. घरच्यांच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की बसलेली दिसते: दुखतंय म्हणजे आत काहीतरी फाटत चाललंय, आणि दुखायचं थांबलं की ते फाटणं फक्त दिसेनासं होतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, हात डोक्यावर नेऊन खेळणाऱ्या आणि खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या २० खेळाडूंचा एमआरआय काढला होता. त्यांतल्या ८ जणांच्या खेळायच्या हाताच्या खांद्यात रोटेटर कफची अर्धवट किंवा पूर्ण फाट दिसली, दुसऱ्या हाताच्या खांद्यात एकाचीही नाही. पाच वर्षांनी विचारलं तेव्हाही त्यांतल्या कुणाला त्रास नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं चेंडू मारणाऱ्या खांद्यात एमआरआयला काहीतरी सापडतंच. तुमच्या अहवालातली ‘अर्धवट फाट’ तुमच्या वेदनेचं कारण असू शकते, आणि तुमच्या खेळाची नुसती खूणही असू शकते. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात वेदना वाहणारी यंत्रणाच अनेकदा हळवी झालेली असते, थोड्या भाराला मोठी कळ येते, आणि नसेचं उत्तेजन मुख्यतः त्या हळवेपणावर काम करतं असं मानलं जातं.

तरी घरच्यांची काळजी मी झटकून टाकणार नाही. तुमच्याच पत्रात तिला पुरावा आहे. इंजेक्शननंतर सहा आठवडे बरं वाटलं, असं तुम्ही लिहिता. त्या सहा आठवड्यांत काय केलंत, हे लिहीत नाही. माझा अंदाज असा की पहिल्याच आठवड्यात तुम्ही पूर्ण सरावाला उभ्या राहिलात, बुडालेलं भरून काढायला दोन स्मॅश जास्तच मारलेत, आणि ताकदीचे व्यायाम ‘आता दुखत नाही ना’ म्हणून सुटले. अंदाज चुकला असेल तर आनंदच आहे. पण बहुतेक खेळाडूंचं हेच होतं. वेदना कमी झाली म्हणजे टेंडनची भार सोसायची ताकद वाढली असं नाही. तिला वाढायला आठवडे आणि महिने लागतात, वेदना मात्र एका दुपारीही उतरू शकते. या दोन वेगांमधल्या फटीत खांदे पुन्हा बिघडतात. तारेमुळे तुम्हाला असेच काही आठवडे पुन्हा मिळू शकतील. त्यांचं काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तार बसवून फायदा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रशिक्षक. तार बसवून खेळता येईल, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. तार खांद्याच्या जवळून बाहेर येते. तुम्ही उडी मारून हात डोक्यामागे नेणार, पूर्ण वेगाने खाली आणणार, मग चेंडूसाठी जमिनीवर झेपावणार, वर घामाने चिकटपट्टी सुटणार. तार जागेवरून सरकण्याची, तुटण्याची शक्यता एरवीही असते. यात ती वाढवायची कशाला? तुटलेला तुकडा आत राहिला तर पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या वेळी त्याचा खुलासा करत बसावं लागतं. तार बाहेर येते तिथली त्वचा कोरडी, स्वच्छ ठेवावी लागते, म्हणून पाण्यात डुंबणंही बंद. हे दोन महिने स्पर्धेचे नाहीत. चालणं, धावणं, पायांची आणि कमरेची ताकद, आणि डॉक्टर-फिजिओ दोघांनी मान्य केलेले खांद्याचे नियंत्रित व्यायाम, एवढंच यात बसतं. आता हिशेब करा. चार महिने म्हणजे जेमतेम १७ आठवडे. त्यातले साडेआठ तारेचे. आधीच्या तपासण्यांना दोन-तीन धरा. उरलेल्या पाच-सहा आठवड्यांत शून्यापासून पूर्ण ताकदीच्या स्मॅशपर्यंत यायचं, तेही १४ महिने दुखलेल्या खांद्याने. अशक्य म्हणणार नाही. पण मी तुमच्या जागी असते तर या निवड चाचणीवर पाणी सोडलं असतं, किंवा गेले असते तर फक्त बचावाच्या जागेसाठी, तेही प्रशिक्षकांशी स्पष्ट बोलून.

‘खेळाडूंवर सिद्ध झालेला उपाय’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तेही जरा तपासू. खांद्याच्या दुखण्यावर या पद्धतीचा बराचसा पाया पक्षाघात झालेल्या रुग्णांवरच्या कामातून आलाय. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे ६१ रुग्ण होते. स्नायूत बसवलेल्या तारांतून रोज ६ तास, ६ आठवडे उत्तेजन दिलं, तुलनेसाठी दुसऱ्या गटाला हाताची झोळी दिली. उत्तेजन घेतलेल्यांचं दुखणं कमी झालं आणि तो फरक वर्षभर टिकला. तारा काढल्यावरही आराम टिकतो, ही या संशोधनातली खरोखर लक्ष वेधणारी गोष्ट आहे. पण पक्षाघाताचा खांदा लुळ्या स्नायूंमुळे, सांधा खाली उतरल्यामुळे दुखतो. तुमचा खांदा ताशी काही डझन स्मॅश मारल्यामुळे दुखतो. एकाचा निकाल उचलून दुसऱ्याला लावता येत नाही. पक्षाघात नसलेल्या खांद्यांवर जे काम झालंय ते बहुतेक थोड्याथोड्या रुग्णांचं, आणि नव्या यंत्राकडून असलेल्या आशेचाही वेदनेवर परिणाम होतो हे लक्षात ठेवून ते वाचायला हवं. आशा वाटण्यात गैर काही नाही. फक्त यश मोजायचं ते ‘बरं वाटतं का’ एवढ्यावर सोडू नका.

आणि आता तुम्ही. ‘फिजिओथेरपी सगळी करून झाली’ या वाक्यावर मी थांबले. काय काय झालं? शेक, करंट, अल्ट्रासाऊंड, टेपिंग आणि रबराच्या पट्टीने दहा-दहाचे तीन संच, असं असेल तर स्मॅशरच्या खांद्यासाठी ती सुरुवात झाली, एवढंच. मला विचारायचंय ते असं. हात बाहेरच्या बाजूला फिरवायची ताकद डाव्याशी तुलना करून कुणी मोजली का? दर आठवड्याला वजन वाढत गेलं का, की एकच हिरवी पट्टी सहा महिने ओढत होतात? खांद्याच्या मागचा भाग आखडून हात आत वळणं कमी झालंय का, हे पाहिलं का? फऱ्याचं हाड हाताबरोबर नीट फिरतं का? पाय आणि कंबर? टेनिसच्या सर्व्हिसवर झालेल्या अभ्यासांत चेंडूला मिळणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा पायांतून आणि धडातून येतो असं दिसलंय. स्मॅशमध्ये हवेत असताना जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे धडाचं काम तर आणखी वाढतं. ते कमी पडलं की राहिलेलं सगळं खांदा भरून काढतो. आणि सगळ्यात साधा प्रश्न, आठवड्याला तुम्ही किती स्मॅश मारता? हा आकडा बहुतेक खेळाडूंना माहीत नसतो. धावपटूला आठवड्याचे किलोमीटर विचारले तर झोपेतही सांगेल. वजन हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, सोबत स्मॅशची संख्या मोजून कमी केलेली, असे सलग १२ आठवडे झाले नसतील तर ‘सगळं करून झालं’ ही रेघ अजून ओढू नका.

याच्याही आधी एक तपासणी हवी, आणि व्हॉलीबॉलच्या खेळाडूला तर हवीच. ज्या सुप्रास्कॅप्युलर नसेजवळ तार बसवायची चर्चा आहे, तीच नस या खेळात दबते. ती फऱ्याच्या मागच्या बाजूला आणखी एका खाचेला वळसा घालून इन्फ्रास्पायनेटस या स्नायूकडे जाते, आणि सर्व्हिस-स्मॅशच्या झटक्यांत तिथे ताणली जाते. १९८७ मधल्या एका अभ्यासात वरच्या दर्जाच्या ९६ व्हॉलीबॉल खेळाडूंपैकी १२ जणांचा हा स्नायू लुळा पडल्याचं आढळलं होतं. अनेकदा हे दुखतही नाही, नुसता स्नायू वाळत जातो. घरातल्या कुणाला तरी तुमच्या दोन्ही फऱ्यांकडे मागून, चांगल्या उजेडात बघायला सांगा. उजव्या फऱ्यावरच्या हाडाच्या आडव्या उंचवट्याखाली खळगा दिसला तर तो दाखवून घ्या. दुसरी शक्यता म्हणजे लॅब्रमच्या फाटीतून द्रव झिरपून झालेली गाठ. ती त्याच खाचेत नसेवर दाब देते. तुमच्या अहवालात लॅब्रमचा उल्लेख आहे, म्हणून एमआरआय पुन्हा एकदा याच नजरेने बघायला सांगा: गाठ आहे का, स्नायू वाळलाय का. गरज वाटली तर नसेची विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी आणि एनसीव्ही, करून घ्या. गाठीने दबलेल्या नसेला स्पंदनं देत बसणं म्हणजे कारण सोडून भलत्याच मागे लागणं; तिथे गाठीचाच बंदोबस्त करावा लागतो. मानेतून उतरणारं दुखणंही खांद्यात जाणवतं. मान वळवल्यावर हातात कळ किंवा मुंग्या जात असतील तर तपासणी तिथून सुरू व्हायला हवी.

तुमच्यासारखं दुखणं असणाऱ्या इतर वाचकांसाठी हेही सांगून ठेवते. हात अचानक सुजला, निळसर-जड झाला तर तो खांद्याचा स्नायू नाही, शिरेत गुठळी असू शकते. हात वर नेऊन खेळणाऱ्यांत ती होते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. काहीही न करता एका रात्रीत भयंकर दुखलं आणि काही दिवसांनी हात उचलेनासा झाला, तर नसांचा दाह असू शकतो. ताप असेल, वजन घटत असेल, तर तार, टेन्स सगळं बाजूला. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अपस्मार असलेल्यांनी घरी स्वतःच्या मनाने कुठलंही विजेचं यंत्र लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कुणीच लावू नये.

नस दबलेली नाही असं ठरलं, व्यायामाचे बारा आठवडे प्रामाणिकपणे झाले आणि तरीही दुखणं ताकद वाढवू देत नाही, अशी परिस्थिती आली तर तारेचा विचार मी नक्की करीन. त्याआधी एक मधली पायरी आहे: सुप्रास्कॅप्युलर नसेला काही तासांपुरतं बधिर करणारं इंजेक्शन. त्याने दुखणं बरंच उतरलं तर वेदना मुख्यतः याच नसेने जाते, असं मानायला आधार मिळतो. ही चाचणी झोपून वाया घालवू नका. आधी ज्या हालचालीने कळ येते ती मोजून ठेवा, इंजेक्शननंतर तीच हालचाल फिजिओसमोर, रिकाम्या हाताने करून बघा. बधिर खांद्याने स्मॅश मारून बघायचा मोह होईल, तो टाळा. चाचणी अयशस्वी झाली, म्हणजे फरकच पडला नाही, तर त्या नसेवर तार बसवायची घाई करणाऱ्या डॉक्टरांना ‘का’ विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तार बसलीच तर आधीच्या आठवड्यात तीन गोष्टी वहीत लिहा. रात्री दुखण्याने किती वेळा जाग येते. हात बाहेर फिरवायची ताकद डाव्याच्या मानाने किती, उपकरणाने मोजून. आणि हलक्या हाताने चेंडू मारताना कितव्या फटक्याला दुखणं दहापैकी तीनच्या वर जातं. दर आठवड्याला ताकद आणि झोप पुन्हा मोजा. चेंडूचा आकडा तार निघाल्यावर. दोन-तीन आठवड्यांत झोपेतसुद्धा फरक नसेल तर तार सरकली आहे का, स्पंदनं बदलून बघावीत का, हे विचारा. मुकाट्याने ६० दिवस पुरे करू नका. फरक पडत असेल तर तेच दिवस ताकदीच्या व्यायामाचे. तार निघाली की चेंडूकडे परतताना आधी जमिनीवरून हलके फटके, मग अंतर, मग वेग, मग उडी, आणि दोन सत्रांमध्ये एक मोकळा दिवस. त्या मोकळ्या दिवसाची कुरकूर प्रशिक्षक करतील. त्यांना स्मॅशचा आकडा लिहिलेली वही दाखवा. ‘दुखतंय’पेक्षा आकडा त्यांना लवकर पटेल.

ऑपरेशनवाल्या सर्जनना मी या गोष्टीतला खलनायक करणार नाही. खांदा निखळत असेल, किंवा आपटून टेंडन पूर्ण फाटलं असेल, तर हा सगळा सल्ला बदलतो. पण तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लॅब्रमच्या एका प्रकारच्या फाटीसाठी ११८ जणांवर खरी किंवा खोटी (आत काही दुरुस्त न करता नुसती केल्यासारखी) शस्त्रक्रिया झाली, आणि टाके घातलेल्यांना खोटी शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. २०१८ मध्ये खांद्याच्या वरच्या हाडाखालची जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही जवळपास असाच निकाल आला. ते सगळे तुमच्यासारखे स्मॅशर नव्हते, हे खरं. तरी सर्जनना विचारा: नेमकं काय शिवणार, आणि त्याच कारणाने दुखतंय हे कशावरून? लॅब्रम किंवा कफ शिवल्यावर स्पर्धेत परतायला सहा महिने ते वर्ष जातं, म्हणजे ही निवड चाचणी त्या वाटेनेही हुकतेच. तारखेचं ओझं असं दोन्ही बाजूंनी उतरलं की निर्णय सोपा होईल.

हा सल्ला सगळ्या खेळाडूंना जसाच्या तसा लागू करू नका. जलतरणपटूसाठी तारेचे ६० दिवस म्हणजे ६० दिवस पाण्याबाहेर, आणि पाण्याचा अंदाज हरवलेल्या पोहणाऱ्याला परतायला किती जड जातं हे त्यांनाच माहीत. वाढीच्या वयातल्या मुलांच्या खांद्यात हाडाच्या वाढीची जागाच दुखावलेली असू शकते. तिथे फेकणं थांबवून तपासणी करायची, नसेच्या उपायांकडे वळायचंच नाही. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र माझा क्रम बदलतो. त्यांचा खांदा खेळतोही आणि दिवसभर त्यांना फिरवतोही. त्यांना ‘विश्रांती घ्या’ म्हणणं सोपं आणि निरर्थक असतं. वेदना लवकर कमी करणारा कुठलाही सुरक्षित उपाय त्यांच्यासाठी मी बारा आठवडे थांबायला लावणार नाही.

राहिला डोपिंगचा प्रश्न. नसेला विजेची स्पंदनं देणं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत नाही. त्यासाठी परवानगी लागत नाही. तुमचा धोका दुसरीकडे आहे. १ जानेवारी २०२२ पासून स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, सांध्यातलंसुद्धा, स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, आणि शरीरातून ते निघून जायला औषधानुसार सांध्याच्या इंजेक्शनसाठी किमान ३ ते १० दिवस धरतात. १ जानेवारी २०२४ पासून ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीही स्पर्धेच्या काळात बंद आहे, आणि पेन क्लिनिकच्या चिठ्ठीत ती सहज येते. तुमच्या मागच्या इंजेक्शनचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख लिहिलेला कागद डॉक्टरांकडून मागून फाइलला लावा. तार बसवणाऱ्या डॉक्टरांना, चिठ्ठी लिहायच्या आधी, तुम्ही डोपिंगची चाचणी होऊ शकणारी खेळाडू आहात हे सांगा.